पारोचं गाव

बुलढाणा मागे पडलंय आणि गाडी अजिंठ्याच्या रस्त्याला लागली आहे. रात्रभर भुरभुर पाऊस होता, आता थांबलाय. डोंगरांच्या माथ्यावर मात्र ढग अजून बसून आहेत. ऑगस्टचा पहिला आठवडा. मक्याला तुरे फुटताहेत, कपाशी पात्यांवर आली आहे, बांधाबांधावरून गढूळ पाणी रस्त्यावर उतरतंय. धावड्याला पोचतो तर हिरव्या मिरचीची पोती पार रस्त्याच्या कडेपर्यंत लागलेली. काचा बंद असूनही तिखट वास आत शिरतो आणि शेजारी बसलेली भाची शिंकायला लागते.

ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे सिनेमाचे सेट उभारायचे आहेत. गेल्या महिन्यात तिने ‘अजिंठा’ पाहिला आणि तेव्हापासून तिचं एकच चाललंय, मामा, हा सेट बघायला मिळेल का?

“सेट आता कुठला?” मी म्हणतो. “चित्रपट 2012 चा. काम झालं की सेट उतरवतात. पण ज्या गोष्टीसाठी तो बांधला, ती गोष्ट घडली ते गाव आपल्या जिल्ह्याच्या शिवेपलीकडे आहे. ते दाखवतो.”

‘अजिंठा’ हा नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपट. लेण्यांतली चित्रं उतरवून घ्यायला आलेला मद्रास फौजेतला इंग्रज अधिकारी रॉबर्ट गिल आणि या डोंगरातली मुलगी पारो यांच्या प्रेमाची गोष्ट. पारो झाली होती सोनाली कुलकर्णी, गिल झाला होता फिलिप स्कॉट-वॉलेस. संगीत कौशल इनामदारांचं. आणि मूळ रचना ना. धों. महानोरांची, त्यांच्या ‘अजिंठा’ याच नावाच्या दीर्घ कवितेवरून देसाईंनी चित्रपट केला. महानोर पळसखेड्याचे. ते गाव याच डोंगररांगेच्या सावलीत, सोयगाव तालुक्यात आहे. शेतात राबणाऱ्या कवीने आपल्या शिवारातली गोष्ट लिहिली आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टींसाठी महाल, गावं, किल्ले उभारणाऱ्या माणसाने ती पडद्यावर आणली.

देसाईंचं नाव निघालं की भाची सरसावून बसते. तिला त्यांचं काम तोंडपाठ आहे. ‘1942: अ लव्ह स्टोरी’चं कलादिग्दर्शन त्यांचं. इंग्रजी अमदानीतली ती प्रेमकथा पडद्यावर आली तेव्हा देसाई तिशीतही नव्हते. मग कच्छमध्ये कुनरियाजवळ ‘लगान’चं चंपानेर. चार राष्ट्रीय पुरस्कार: ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’, ‘देवदास’. कर्जतजवळ स्वतःचा स्टुडिओ.

“2 ऑगस्ट 2023 ला ते गेले,” ती खिडकीबाहेर बघत म्हणते.

“आणि 3 ऑगस्टला महानोर.”

तिला हे ठाऊक नव्हतं. एका दिवसाच्या अंतराने दोघं गेले. ज्याने ही गोष्ट चित्रपटात आणली तो आधी, ज्याने ती शब्दांत आणली तो दुसऱ्या दिवशी. गाडीत थोडा वेळ कुणी बोलत नाही.

शिवना येतं. या रस्त्यावर आता शीव कळतही नाही, पण गिल इथे राहत होता तेव्हा ती फार महत्त्वाची होती. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. बुलढाण्याचा मुलूख इंग्रजी कारभाराखाली आला आणि अजिंठा निजामाकडेच राहिला. तरी गिलला ही शीव आडवी आली नाही. हातात कॅमेरा आल्यावर तो लोणारपर्यंत गेला. लोणारच्या सरोवराकाठच्या देवळांची त्याने काढलेली छायाचित्रं भारतीय वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसनच्या ग्रंथात आली. आमच्या जिल्ह्याने या माणसाला लक्षात ठेवण्याचं हे एक पक्कं कारण आहे. लोणारवर आपण इतकं लिहितो, बोलतो, त्यात गिलचं नाव क्वचित येतं. यायला हवं.

अजिंठा गाव समोर येतं ते आधी तटाने. दगडी भिंत, बुरूज, वेस. लेणी पाहायला जगभरातून माणसं येतात, पण बहुतेकांच्या गाड्या या तटाकडे एक नजर टाकून पुढे घाटाकडे निघून जातात. निजामाच्या राजवटीत हे गाव तटाने बांधून काढलेलं. 23 सप्टेंबर 1803 ला जवळच असईला इंग्रज सेनानी वेलस्लीची आणि मराठ्यांची लढाई झाली. तिच्यात जखमी झालेल्या इंग्रज सैनिकांना उपचारासाठी याच गावात आणलं होतं. म्हणजे गिल यायच्या चाळीस वर्षं आधीपासून या तटाने इंग्रज पाहिलेले आहेत.

वेशीतून आत शिरतो. चहाच्या टपरीवर पत्र्याखाली चार-पाच जण उभे आहेत. पावसाची झड पुन्हा आली आहे. मी कबरीची वाट विचारतो.

“पारोची?” कपबशी खाली ठेवत एक वयस्कर गृहस्थ विचारतात. “कुठून आले तुम्ही?”

“बुलढाण्याहून, चाचा.”

“मग जवळचेच की. चला, दाखवतो. आधी चहा घ्या पण. पोरीला भिजवू नका.”

चहा गूळ घातल्यासारखा गोड आहे. चाचा सांगतात, सिनेमा आला तेव्हा विचारायला येणारे वाढले होते, मग कमी झाले. कुणी पोरं-पोरी येतात, फोटो काढतात. कुणी चित्रकार येतात. “काही लोक येऊन नुसतेच उभे राहतात,” ते म्हणतात.

आम्हीही नुसतेच उभे राहतो. ठेंगणं दगडी थडगं. त्यावर इंग्रजी अक्षरं कोरलेली: पारोचं नाव, गिलचं नाव, आणि तारीख, 23 मे 1856. पावसाचं पाणी अक्षरांच्या खाचांत साचतं, म्हणून ती आत्ता उन्हाळ्यापेक्षा स्पष्ट दिसत असणार. भाची गुडघ्यावर बसते आणि बोट न लावता, हवेतच, अक्षरांवरून हात फिरवते.

“गिलने कोरून घेतलं हे?”

“हो.”

“मग लपवलं नाही त्याने.”

हे मी याआधी असं कधी मनात आणलं नव्हतं, पण ती म्हणते ते खरं आहे. 1856 साली कंपनीचा अधिकारी एका गावातल्या मुलीच्या थडग्यावर तिचं नाव आणि आपलं नाव एकत्र कोरतो, तेही आपल्या भाषेत, आपल्या लोकांना वाचता येईल अशा अक्षरांत. त्याच्यासारख्या कितीतरी अधिकाऱ्यांच्या आयुष्यात इथल्या स्त्रिया होत्या, आणि त्यांची नावं कुठेच नाहीत. या दगडाला जे मोल आहे ते त्यामुळे.

पण गोष्ट सांगायची तर पुरती सांगावी लागते. गिलचा जन्म 1804 चा. अजिंठ्याला आला तेव्हा तो चाळिशीत होता. 1841 साली त्याचं लग्न झालेलं होतं, मुलं होती. पारोनंतरही त्याच्या आयुष्यात एक स्त्री आली आणि तिच्यापासून त्याला मुली झाल्या. पारो लेणापूरची, लेण्यांच्या वरच्या अंगाला असलेल्या गावची, असं इथे सगळे सांगतात. ती त्याला डोंगर दाखवायची, पानाफुलांचे, मातीचे रंग करून द्यायची, हेही सांगतात. त्यातलं किती घडलं आणि किती नंतरच्या माणसांनी मायेने भरलं, हे वेगळं काढता येत नाही. एका बाजूला सरकारी पगार, बंदूक, हुकूम. दुसऱ्या बाजूला लेणापूरची पोर. हे अंतर चित्रपटात गाण्यांच्या सुरांत विरघळतं. प्रत्यक्षात ते रोज, प्रत्येक शब्दात असणार. तिने काय पाहिलं, तिला काय वाटलं, तिला ‘नाही’ म्हणता आलं असतं का? तिच्या हातचं एक अक्षरही आपल्यापर्यंत आलेलं नाही. महानोरांनी आपल्या कवितेत तिला बोलतं केलं, याचं मला फार मोठं अप्रूप वाटतं. त्यांच्या आधी ती मराठीत जवळजवळ नव्हतीच.

चाचा थडग्यावर पडलेली दोन पानं उचलून बाजूला टाकतात. “आमच्या लहानपणी म्हातारी माणसं म्हणायची, इथे खेळू नका, बाई झोपलीय.”

बारादरी जवळच आहे. कमानींची जुनी वास्तू, ओलसर दगड, शेवाळ. गिलचा मुक्काम इथे असायचा. इथून लेणी जवळ नाहीत. घाट उतरून दरीत जायचं, दिवसभर काम करायचं आणि परत वर यायचं. वाघांचा मुलूख. गिल शिकारीसाठीही ओळखला जायचा, आणि ज्या दरीत काम करायला जायचं तिथे बंदूक नेण्यावाचून इलाज नव्हता.

भाची कमानीत उभी राहून मापं घेतल्यासारखी इकडे-तिकडे बघते. मग वही काढते, पेन्सिलीने कमानीची रेघ ओढते. सेट बांधणारा माणूस पहिलं काय बघतो, ते मला इथे कळतं. ती दगडाचा रंग बघत नाही. उजेड कुठून येतो ते बघते. सकाळी सूर्य या कमानीतून आत आला असणार, मग टेबल त्या कोपऱ्यात असणार, कॅनव्हासच्या गुंडाळ्या ओल लागू नये म्हणून भिंतीपासून लांब. ती बोलत जाते आणि रिकाम्या वास्तूत सामान भरत जातं. यातलं काहीच आम्हाला नक्की ठाऊक नाही. पण देसाईही असेच कुठेतरी उभे राहून बघत असतील, असं वाटत राहतं.

चाचांचा निरोप घेऊन आम्ही निघतो. महामार्ग सोडून लेणापूरकडच्या वाटेला लागतो. दोन्हीकडे मका, मधेच सागाची मोठी पानं, त्यांवर थेंबांचा आवाज. व्ह्यू पॉइंटला गाडी उभी करून चालत कड्यापर्यंत जातो.

आणि खाली ते सगळं.

वाघूर नदी डोंगराला वळसा घालत येते आणि त्या वळणाच्या कड्यात, अर्ध्या वर्तुळात, लेण्यांची काळी दारं. तीसेक लेणी, डोंगराच्या पोटात ओळीने. समोरून सातकुंडाचा धबधबा दणदणत कोसळतोय. पाण्याची वाफ वर येते, लेण्यांची एक बाजू झाकते आणि पुन्हा उघडते. 28 एप्रिल 1819 ला मद्रास फौजेचा जॉन स्मिथ शिकारीच्या मागे हिंडताना इथेच वरच्या अंगाला पोचला आणि त्याला समोरच्या झाडीत दहाव्या लेण्याची कमान दिसली, असं सांगतात. ‘शोध लागला’ हे शब्द लेणापूरला उभं राहून म्हणवत नाहीत. स्मिथ पोचायच्या आधीपासून इथली माणसं या दरीत गुरं चारत होती.

कणसं भाजणारी एक बाई छत्रीखाली बसली आहे. भाची तिला विचारते, “मावशी, तुम्ही लेणापूरच्याच?”

“हाव. सासर हे.”

“पारो इथलीच ना?”

मावशी कणसाला लिंबू चोळते, मीठ-तिखट लावते. “म्हणतात तसं. आमची आजेसासू सांगे. पण तिचं घर कोणतं, ते कुणी दाखवू नाही शकत.” मग कणीस हातात देत म्हणते, “सिनेमात लई नटवलीय तिला. असं नटून कुणी डोंगरात फिरतं का?”

भाची हसत नाही. वहीत काहीतरी लिहून घेते. मला वाटतं, या दिवसातला सगळ्यात कामाचा धडा तिला इथे मिळाला.

घाट उतरून फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवावी लागते. पुढचे चार किलोमीटर लेण्यांकडे जाणाऱ्या बसने. बसमध्ये भिजलेल्या रेनकोटांचा वास, एक जपानी जोडपं, परतूरची एक सहल. पायऱ्या चढताना दम लागतो. गिल या वाटेने किती वेळा चढला असेल! त्याला 1844 साली कंपनी सरकारने नेमलं ते लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला. फर्ग्युसनने लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे ओरड केली होती, की ही चित्रं नासत चालली आहेत, कुणीतरी ती उतरवून घ्या. त्या ओरडण्यातून गिल इथे आला. पाणी गळतं, वटवाघळं, मधमाश्या, गुहेत गुडघाभर गाळ. आणि भिंतीवर हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचे रंग.

पहिल्या लेण्याच्या दाराशी पादत्राणं काढायची. आत मंद दिवे. फ्लॅशला बंदी. डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो, आणि मग हळूहळू पद्मपाणी समोर येतो. झुकलेली मान, हातात कमळ, पापण्या खाली. शेजारी उभा असलेला परतूरच्या सहलीतला मुलगा बाईंना विचारतो, “बाई, हे रडतायत का?” बाई उत्तर देत नाहीत. मलाही देता आलं नसतं.

भाची माझ्या कानाशी येऊन म्हणते, “मामा, सेटवर सगळं करता येईल. भिंत करता येईल, चित्र करता येईल, पोपडेसुद्धा पाडता येतील. पण तिथे दिसण्यासाठी उजेड करावा लागतो. इथे अंधारातून चित्र येतं.”

दहाव्या लेण्यात आम्ही मान वर करून स्मिथचं नाव शोधतो. खांबावर, चित्रित बुद्धाच्या अंगावर, त्याने आपलं नाव आणि तारीख ओरखडली आहे. ती माणसाच्या हाताला येणार नाही इतकी उंच आहे, कारण तेव्हा लेण्यात गाळ भरलेला होता आणि तो त्या गाळावर उभा होता. एका इंग्रजाने इथे नाव कोरलं ते असं. दुसऱ्याने वर गावात एका थडग्यावर कोरलं. मला दोन्ही एकाच दिवशी पाहायला मिळाली आणि माझं मन दुसऱ्याकडे झुकतं, हे लपवायचं कारण नाही.

सोळाव्या लेण्यात पावसाचा आवाज मोठा येतो. इथेच ती मान टाकलेली, मरणाच्या दारात असलेली सुंदरी आहे. नवरा नंद भिक्षू झाला म्हणून कोसळलेली. दासीने तिला सावरलंय. रंग बरेच उडालेत, पण खांद्याची ती ढिली पडलेली रेघ शाबूत आहे. आम्ही तिच्यासमोर खाली बसतो. पहारेकरी काही म्हणत नाही.

गिल वर्षानुवर्षं या भिंतींसमोर राहिला. मोठमोठे कॅनव्हास रंगवून लंडनला पाठवत राहिला. ते सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले. आणि 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली. तिथे टांगलेलं सगळं जळालं. बाहेर राहिलेले थोडेसेच वाचले. कितीतरी वर्षांची मेहनत, ज्यात पारोचा काळही होता, एकाच आगीत राख झाली. गिल तेव्हा साठी ओलांडलेला. तरी त्याने हे ठिकाण सोडलं नाही. पुन्हा रंग हाती घेतले, कॅमेराही चालूच होता.

त्याच्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आले. 1872 पासून बारा-तेरा वर्षं विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकी कितीतरी 1885 साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आगीत गेल्या. दोनदा नक्कल झाली, दोनदा जळाली. मूळ इथेच राहिलं, ओल आणि वटवाघळं सोसत.

“मग ह्या लोकांनी कशासाठी केलं सगळं?” भाची विचारते. तिच्या आवाजात राग आहे. तिने आयुष्यभर करायचं ठरवलेलं कामही असंच आहे: उभारायचं, आणि शूटिंग संपलं की उतरवायचं.

मी तिला जे मला वाटतं ते सांगतो. गिलची चित्रं जळाली, पण ती लंडनला टांगलेली असताना लोकांनी अजिंठा पाहिला. त्याची छायाचित्रं टिकली. देसाईंचा सेट उतरला, पण तो उभा होता म्हणून तू आज इथे आलीस. महानोरांची कविता आहेच. पारोकडे मात्र यातलं काहीच नव्हतं. तिचं जे आहे ते एवढंच: गावातला दगड आणि लेणापूरच्या सासवांनी सुनांना सांगितलेली गोष्ट.

पाच वाजत आले आहेत. पहारेकरी दारं लोटायला निघालाय, शिट्ट्या वाजताहेत. धबधब्याचा आवाज आता जास्त गंभीर वाटतो. पायऱ्या उतरताना परतूरच्या बाई आमच्या बरोबरीला येतात, बोलणं निघतं. पारोची कबर गावात आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. दरवर्षी सहल आणतात, दरवर्षी तटाला लागून पुढे जातात. आता बसमध्ये मुलांची मोजदाद चालू आहे. ड्रायव्हरला विचारते, जमलं तर थांबू, असं त्या म्हणतात.

आमच्या बुलढाणा, चिखली, मोताळा, मलकापूर भागातल्या शाळांच्या सहलीही दर हिवाळ्यात अजिंठ्याला येतात. शिक्षकांना माझी मनापासून विनंती आहे: लेण्यांना द्याल त्यातला अर्धा तास गावाला द्या. मुलांना तटाच्या आत न्या, ती कबर दाखवा, 23 मे 1856 ही तारीख वहीत लिहून घ्यायला लावा. गिलची गोष्ट सांगाल तेव्हा तो विवाहित होता, अधिकारी होता आणि ती या डोंगरातली होती, हेही सांगा. मुलांना ते समजतं. ज्यांना पुढे जायचं असेल त्यांच्यासाठी, गिल 10 एप्रिल 1879 ला वारला आणि त्याला भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत पुरलं आहे. मलकापूरहून भुसावळ रेल्वेने तासाभराचा रस्ता आहे. सहल सोमवारी मात्र काढू नका, त्या दिवशी लेणी बंद असतात.